मुलांच्या उद्गारांतला देव

मागच्या दिवाळीत इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी फराळाची तयारी चालू असताना सात वर्षांच्या भाचीच्या हातून चिवड्याचा डबा निसटला आणि तिच्या तोंडून एकदम ‘ओ माय गॉड’ असे शब्द बाहेर पडले. माझ्या आईने तिकडे लक्षही दिले नाही. तिने केरसुणी आणायला सांगितले, एवढेच. थोड्या वेळाने अंगणात अनार पेटेना, तेव्हा भाचीचा मोठा भाऊ ‘आयला’ म्हणाला, आणि त्याला मात्र आजीने हाक मारून आत घेतले व चांगली समज दिली. सुट्टी संपून मुले आपल्या गावी परतल्यावर काही दिवसांतच भाचीच्या शाळेच्या डायरीत शेरा आला की वर्गात देवाचे नाव वृथा घेऊ नये. शाळा मिशनऱ्यांची आहे. बहिणीने फोन करून मला विचारले, ‘दादा, आजीला जे चालते ते बाईंना चालत नाही, आणि आजीला जे खुपते त्याची शाळेत कोणी दखलही घेत नाही. मी मुलांना सांगू तरी काय?’ तिचा प्रश्न साधा नाही, आणि भाषाशास्त्र व मानसशास्त्र यांच्याजवळ त्याविषयी सांगण्यासारखे बरेच आहे.

शाळेतल्या बाईंचा आक्षेप समजण्यासाठी बायबलातल्या दहा आज्ञांकडे जावे लागते. ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नको, ही त्यांतली एक आज्ञा आहे, आणि इंग्रजी भाषेवर तिचा ठसा फार खोल उमटलेला आहे. इंग्लंडमध्ये 1606 साली झालेल्या एका कायद्याने रंगभूमीवर थट्टेने किंवा अनादराने देवाचे वा ख्रिस्ताचे नाव उच्चारणाऱ्याला 10 पौंड दंड ठरवला होता, आणि त्या काळी ही रक्कम मोठी होती. माणसांना उद्गार तर हवाच असतो, म्हणून नाव मोडून वापरण्याची रीत पडली. ‘गॉड’चे ‘गॉश’ आणि ‘गॉली’ झाले, ‘जीझस’चे ‘जीझ’ झाले, आणि देवाच्या जखमांची शपथ वाहणारे शब्द आक्रसून त्यांचे ‘झाउंड्स’ झाले. आज ‘गॉश’ म्हणणाऱ्या मुलाला आपण एका जुन्या निषेधाला वळसा घालत आहोत याची कल्पनाही नसते.

आपल्याकडे नामाविषयीची धारणा जवळजवळ उलटी आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा येते. मरतेवेळी त्याने हाक मारली ती धाकट्या मुलाला, पण मुलाचे नाव नारायण होते, आणि तेवढ्या उच्चाराने यमदूतांना मागे फिरावे लागले. त्याच ठिकाणी असे म्हटले आहे की दुसऱ्या कोणाला उद्देशून, थट्टेने, गाण्यातले पूरक अक्षर म्हणून किंवा अगदी अवहेलनेनेही घेतलेले भगवंताचे नाव पाप हरते. ज्या परंपरेत अनवधानाने घेतलेले नामसुद्धा फळते, त्या परंपरेतल्या आजीला ‘अरे देवा’ किंवा ‘राम राम राम’ खटकण्याचे कारणच नाही. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत केवलप्रयोगी अव्ययांच्या यादीत ‘शिव शिव’, ‘हे राम’, ‘देवा रे’ ही निमूटपणे ‘अरेरे’ आणि ‘हाय’ यांच्या शेजारी बसलेली आढळतात, आणि ती पाठ करणाऱ्या मुलाला आपण ईश्वरनिंदा पाठ करत आहोत असे कोणी कधी सांगितलेले नाही.

मराठीत जपायची वस्तू वेगळी आहे, आणि ती म्हणजे आई. ‘तुझ्या आईला’ या अर्धवट सोडलेल्या शिवीचे घासून घासून ‘च्यायला’ झाले, तिचेच आणखी निरुपद्रवी दिसणारे रूप ‘आयला’. म्हणजे ‘गॉश’ आणि ‘आयला’ हे शब्द एकाच जातीचे आहेत. निषिद्धाच्या काठावर जाऊन परत फिरलेले शब्द. माझ्या आईचा कान ‘आयला’च्या मागची न उच्चारलेली शिवी ऐकतो, बाईंचा कान ‘गॉड’च्या मागची आज्ञा ऐकतो, आणि मुलांच्या कानाला या दोन्ही गोष्टी ऐकू येत नाहीत.

हा फरक कानात नसून मेंदूत घडतो, आणि त्याचा पहिला धागा रुग्णालयात सापडला. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण 21 वर्षे होता. त्याची वाचा गेलेली होती. काहीही विचारले तरी तो ‘तां तां’ एवढेच म्हणे. 1861 साली त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली, आणि बोलण्याचे केंद्र म्हणून तो भाग पुढे ब्रोकाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. या गोष्टीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. आपले म्हणणे समोरच्याला कळत नाही असे पाहून लबोर्न्य संतापला की त्याच्या तोंडून ‘देवाच्या पवित्र नावाने’ अशा अर्थाचा एक फ्रेंच उद्गार स्पष्ट बाहेर पडे. पाच वर्षांनी कवी बोदलेर याला पक्षाघाताचा झटका आला. त्याच्याजवळ उरले ते याच उद्गाराचे तुटके रूप, ‘क्रे नोम’, आणि ब्रुसेल्समधल्या ज्या शुश्रूषागृहात त्याला ठेवले होते ते चालवणाऱ्या जोगिणींना ते ऐकणे असह्य झाले. भाषेवर हुकमत असलेल्या माणसाचे सगळे शब्द गेले आणि एक निषिद्ध उद्गार तेवढा राहिला.

यावरून आणि पुढच्या अनेक रुग्णांवरून असे दिसले की विचारपूर्वक वाक्य रचणे आणि आपसूक उद्गार निघणे या दोन क्रिया मेंदूत सारख्याच वाटांनी जात नाहीत. उद्गारात उजवा अर्धगोल, भावनांशी निगडित असलेला अमिग्डाला आणि सवयीच्या हालचाली चालवणारी मेंदूच्या खोल भागातली केंद्रे यांचा वाटा मोठा असतो. डबा पडला त्या क्षणी भाचीने शब्द निवडला नव्हता. सवयीने जो सर्वांत जवळ होता तो निघाला. म्हणून ‘असे का म्हणालीस?’ या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नसते, आणि त्या गप्प राहण्याला आपण उद्धटपणा समजतो हे मला फार अन्यायाचे वाटते.

मग शब्दाला धार येते कुठून? 2003 साली बॉस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तुर्की ही मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी उशिरा शिकलेल्या 32 जणांच्या बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणारी उपकरणे लावून त्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले व दाखवले. मन हलले की त्वचेला किंचित घाम येतो आणि तिची विद्युतवाहकता वाढते, असे त्यामागचे तत्त्व आहे. निषिद्ध शब्दांनी मातृभाषेत अधिक खळबळ उडाली, पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे: ‘लाज वाटायला हवी’ अशा धर्तीची, लहानपणी आईवडिलांनी रागावताना वापरलेली वाक्ये तुर्कीत ऐकताच माणसे विशेष अस्वस्थ होत, तर तीच वाक्ये इंग्रजीत फारशी भिडत नसत. म्हणजे शब्दाबरोबर त्या वेळचा मोठ्यांचा चेहरा आणि आवाजही शरीरात नोंदला जातो. इंदूरच्या मराठी घरातले मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलते. ‘ओ माय गॉड’ त्याला कोणी डोळे वटारून शिकवलेले नसते, ते पडद्यावरून आणि वर्गमित्रांकडून आलेले असते, म्हणून त्याच्या लेखी ते ‘बाप रे’पेक्षा वेगळे नसते.

कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्स यांचे प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. 2009 साली त्यांनी लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले, तेव्हा शिवी म्हणत राहणाऱ्यांनी साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ हात आत ठेवला. 2020 साली त्यांनी शिवीसारखे वाटणारे दोन नवे शब्द बनवून तोच प्रयोग केला, पण त्या शब्दांनी वेदना सोसण्याला मदत झाली नाही. नव्या शब्दामागे बालपण नसते. मुलाच्या तोंडी एखादा शब्द आला आणि आपण थोबाडीत मारली, तर त्या शब्दाला ज्या शक्तीची आपल्याला भीती वाटते तीच आपण आपल्या हाताने त्यात भरतो, असा याचा अर्थ मी घेतो.

ध्वनीचाही थोडा वाटा आहे. 2022 साली शिरी लेव-आरी आणि रायन मॅके यांनी हिंदी, हिब्रू, हंगेरियन, कोरियन आणि रशियन या भाषांतल्या शिव्या तपासल्या, तेव्हा ल, य, व यांसारखे वाहते ध्वनी त्यांत कमी आढळले. उलट इंग्रजीतल्या सौम्य केलेल्या शिव्यांत ते मूळ शिव्यांपेक्षा जास्त निघाले. ‘आयला’ या शब्दात य आणि ल याखेरीज दुसरे व्यंजनच नाही, हे लक्षात आल्यावर मला भाच्याची बाजू थोडी अधिक पटली.

आता मुलांच्या समजुतीकडे वळू. झां पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना ‘खोटे म्हणजे काय?’ असे विचारले होते, आणि सहा-सात वर्षांखालच्या अनेक मुलांनी खोटे म्हणजे ‘वाईट शब्द’ असे सांगितले. त्या वयाला दोन्ही गोष्टी सारख्याच, कारण दोन्हीवर मोठे रागावतात. लॅरी नुची आणि एलियट ट्युरियल यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या, धर्मनिष्ठ ख्रिस्ती आणि ज्यू घरांतल्या मुलांच्या अभ्यासात मात्र एक सूक्ष्म विवेक दिसला. देवाने मनाई केली नसती तरी चोरी वाईटच ठरली असती, असे मुले सांगत. पण विश्रांतीच्या दिवशी काम करण्यासारखे नियम देवाने सांगितले म्हणूनच पाळायचे, हेही त्यांना उमगत होते. मुलाला दुखावणे आणि रीत मोडणे यांतला भेद कळू शकतो, तर तो आपण त्याच्याशी बोललाच पाहिजे.

माझे मत असे आहे की आश्चर्याने किंवा धास्तीने निघालेला ‘अरे देवा’ किंवा ‘ओ माय गॉड’ मुलाच्या तोंडी सर्वस्वी चालण्यासारखा आहे. तो कोणावर फेकलेला नसतो. तोच आवाज वर्गातल्या तोतऱ्या मुलाकडे पाहून काढला, तर शब्द शुद्ध असूनही वागणे वाईट ठरते, आणि तिथे मी मुळीच सूट देणार नाही. शपथेचे प्रकरणही वेगळे आहे. गळ्याला चिमटा लावून ‘देवाशप्पथ’ किंवा ‘आईशप्पथ’ म्हणणारे मूल आपल्या शब्दासाठी दुसऱ्याला जामीन ठेवत असते. उठल्यासुटल्या शपथा वाहणाऱ्या मुलाला आपल्या साध्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही असे वाटते का, हे पालकांनी आधी पाहावे.

बहिणीने अखेर मुलीला एवढेच सांगितले की बाईंच्या धर्मात देवाचे नाव फार जपून घेतात, म्हणून त्यांच्यासमोर ‘बाप रे’ म्हणावे. भाचीने ते लगेच मान्य केले. तिला कारण सांगितले गेले होते. भाच्याला ‘आयला’चा पूर्ण उगम सांगायचा की नाही यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो आता अकरा वर्षांचा आहे, आणि मला वाटते की त्याला तो सांगावा, आजीसमोर नव्हे, पण स्पष्ट शब्दांत.