हातकागदाची शुभेच्छापत्रे

कापडाच्या चिंध्या, रद्दी किंवा शेतातला काडीकचरा यांचा लगदा करून, साच्यावर एकेक ताव उचलून तयार केलेल्या कागदाची घडीची कार्डे. दिवाळी, संक्रांत, नाताळ, लग्न, वाढदिवस अशा निमित्तांनी ती पाठवली जातात. भारतात ती प्रामुख्याने पुणे, जयपूरजवळचे सांगानेर आणि पुदुच्चेरी येथील केंद्रांत तयार होतात. शाळांतील हस्तकलेचे वर्ग, बचत गट आणि विशेष मुलांच्या कार्यशाळाही ती बनवतात. दिवाळीच्या आधी भरणाऱ्या प्रदर्शनांत त्यांचे टेबल हमखास असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात हातकागद जुना आहे. वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरमध्ये कागद बनवणाऱ्या कागदी लोकांच्या वस्त्या होत्या. दौलताबादी आणि जुन्नरी कागद पेशवाईत दप्तरासाठी वापरला जाई. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा याच व्यवसायाचे नाव सांगतो. हा कागद खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून बोरूच्या लिखाणासाठी तयार केलेला असे. आजच्या खरखरीत शुभेच्छापत्राशी त्याचे दिसण्यात फारसे साम्य नाही. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर लिखाणाच्या कागदाची ही बाजारपेठ संपली.

धंद्याला दुसरा जन्म मिळाला तो ग्रामोद्योगाच्या चळवळीत. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत आणि हातकागद हा संघाच्या आवडीच्या उद्योगांपैकी एक होता. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर लिहिणाऱ्या आणि पाकिटे उलटून पुन्हा वापरणाऱ्या गांधीजींना या उद्योगाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. त्यांच्याच प्रेरणेने कृ. भा. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. ही संस्था पुढे महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे आली. पुदुच्चेरीला श्रीअरविंद आश्रमाचा हातकागद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला. सांगानेरला कागझी कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय होताच. तिथे नंतर कुमारप्पांच्या नावाने राष्ट्रीय हातकागद संस्थाही आली.

लिखाणाच्या वहीसाठी हातकागद गिरणीपुढे टिकणे शक्य नव्हते आणि सरकारी खरेदीवर धंदा किती दिवस चालणार? कार्डाचे गणित मात्र वेगळे पडते. एका तावात आठ-नऊ कार्डे निघतात. त्यामुळे कार्डाच्या किमतीत कागदाचा वाटा लहान राहतो. जाडी, खरखरीत पोत, फाटल्यासारख्या दिसणाऱ्या कडा हे लेखनिकाच्या दृष्टीने दोष, पण कार्ड घेणारा नेमके त्याचेच पैसे देतो. खादी भांडाराच्या कपाटात पडून राहणारा ताव कार्ड, पाकीट आणि लग्नपत्रिका होऊन विकला जाऊ लागला. या कागदाला जगवण्यात उपदेशापेक्षा या हिशेबाचा वाटा मोठा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

छापील शुभेच्छापत्राची प्रथा इंग्लंडमधली. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेऊन नाताळचे पहिले व्यापारी कार्ड काढले. कार्ड विकून सत्कार्यासाठी निधी जमवण्याची रीत मात्र विसाव्या शतकातली. युनिसेफचे पहिले कार्ड १९४९ चे असून त्यावर एका झेक मुलीचे चित्र होते. १९८० च्या दशकात युनिसेफने नेपाळमधील भक्तपूरला लोकता नावाच्या झुडपाच्या सालीपासून बनणाऱ्या हातकागदावर कार्डे छापण्याच्या उद्योगाला हातभार लावला. मुंबईत रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या 'क्राय' संस्थेची कार्डे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पोचली. 'कार्ड घेतले की कोणाला तरी मदत होते' ही सवय अशा कार्डांनी लावली. हातकागदाच्या कार्डांना तिचा आयताच फायदा झाला.

कच्चा माल

'रिसायकल्ड' असा शिक्का असलेले कार्ड रद्दीपासूनच बनले असेल अशी समजूत असते. चांगल्या हातकागदाचा मुख्य माल सुती कातरण हा असतो. बनियन आणि टी-शर्टच्या कारखान्यांत बेतताना उरलेल्या या पांढऱ्या चिंध्या असून तिरुप्पूर हे त्यांचे मोठे आगर आहे. कापसाचा तंतू लांब आणि जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा असतो. त्यामुळे कागद मजबूत होतो, झाड तोडावे लागत नाही आणि ब्लीचिंगही फारसे लागत नाही. अडचण आहे ती निवडण्याची. हल्ली कातरणात लायक्रा आणि पॉलिएस्टरची भेसळ असते आणि हे धागे लगद्यात मिसळत नाहीत, कागदावर केसासारखे उभे राहतात. निवडणाऱ्या बाया संशय आला की धागा काडीने पेटवून पाहतात. सुताची राख होते, जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा काळा मणी होतो.

रद्दीचा लगदा स्वस्त आणि झटपट होतो, पण तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात आणि एकदा वाळलेला तंतू पुन्हा पूर्वीइतका फुगत नाही. नुसत्या रद्दीचे कार्ड म्हणूनच घडीवर लवकर चिरते. वर्तमानपत्राचा लगदा शाईमुळे करडा दिसतो आणि त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे काही महिन्यांत पिवळा पडतो. वह्यांची कोरी-लिहिलेली पाने किंवा संगणकाचे वापरलेले कागद यांचा लगदा त्यामानाने उजळ निघतो. घरी करणाऱ्याने त्यात थोडे सुती कातरण मिसळले, तर फरक हाताला जाणवतो. केळीच्या सोपाचा धागा, उसाची चिपाडे, गवत, भाताचा पेंढा हे पदार्थ मुख्यतः दिसण्यासाठी घालतात. ते आधी खाराच्या पाण्यात शिजवावे लागतात.

ताव कसा निघतो

कातरण बारीक चिरून हॉलंडर बीटरमध्ये टाकतात. हा सतराव्या शतकातला डच शोध. लांबट हौदात पात्यांचे रूळ फिरते आणि चिंध्या तासन् तास भरडल्या जातात. याच वेळी रंग आणि शाई न फुटण्यासाठीचे द्रव्य घालतात. पूर्वी ते राळ आणि तुरटी असे. या आम्लधर्मी जोडीमुळे कागद वर्षांनी ठिसूळ होतो, म्हणून आता बरेच कारखाने आम्लरहित कृत्रिम द्रव्य वापरतात.

तयार लगदा पाण्यात इतका पातळ करतात की तंतूंचे प्रमाण जेमतेम १ टक्क्याच्या आसपास राहते. कार्डाच्या जाड तावासाठी साचा हौदात बुडवून उचलण्यापेक्षा पाण्यात बसवलेल्या साच्यावर मापाने लगदा ओतण्याची पद्धत सोयीची आहे. कारागीर बोटांनी तो सगळीकडे सारखा पसरवतो आणि तरफेने साचा वर घेतो. पाणी निथळले की ओला ताव मांजरपाटावर उलटा करतात. कापड, ताव, कापड, ताव अशी चळत दाबयंत्राखाली जाते. त्यानंतर ताव कपड्यांसारखे दोरीवर सावलीत वाळतात. वाळताना ते वेडेवाकडे होतात, म्हणून जस्ती पत्र्यांच्या मध्ये घालून रुळांतून काढतात.

साचा दोन्ही दिशांनी हलवल्यामुळे तंतू कुठल्याच एका दिशेला ओळीने बसत नाहीत. गिरणीच्या कागदाला उभी-आडवी 'धाव' असते आणि विरुद्ध दिशेने घडी घातली की तो तडकतो. हातकागद कसाही कापा, घडी सारखीच बसते. कार्डवाल्याला हे सोयीचे आहे. प्रचलित ताव २२ × ३० इंचांचा. ५ × ७ इंचांच्या घडीच्या कार्डाला उघडा १० × ७ इंचांचा तुकडा लागतो. ३० इंचांच्या बाजूवर तीन आणि २२ इंचांच्या बाजूवर तीन, असे नऊ तुकडे निघतात आणि फक्त एक इंचाची पट्टी वाया जाते. या नऊंपैकी कोपऱ्यांतल्या चार कार्डांनाच दोन नैसर्गिक कडा मिळतात आणि मधल्या कार्डाला एकही नाही. चारही बाजू ओबडधोबड हव्या असतील तर साच्यावरच आडव्या-उभ्या पट्ट्या बसवून छोटे ताव वेगवेगळे उचलतात. हा उपाय खर्चीक. बाजारातली बरीच 'नैसर्गिक' कड ओल्या ब्रशची रेघ मारून, पट्टी धरून फाडलेली असते.

फुले, बिया आणि छपाई

पाकळ्या घातलेला ताव ही या कागदाची सर्वांत ओळखीची तऱ्हा. सगळी फुले मात्र लगद्यात टिकत नाहीत. झेंडूचा पिवळा-केशरी रंग वाळल्यावरही राहतो. दसऱ्यानंतर झेंडूचे ढीग उरतात, तेव्हा तो फुकटही मिळतो. ताजा गुलाब किंवा जास्वंद ओल्या लगद्यात पडली की भोवती तपकिरी डाग पसरतो. त्यासाठी पाकळ्या आधी पुस्तकात दाबून वाळवतात आणि ताव उचलताना अगदी शेवटी टाकतात. नक्षीदार पिंपळपान, नेचा किंवा बाभळीची पानेही अशीच घालतात. पान वर उघडे राहिले तर नंतर सुटून येते. त्यावर लगद्याचा पाण्यासारखा पातळ थर पडला पाहिजे.

बियांच्या कार्डांची अलीकडे फार हौस आहे. कुंडीत पेरले की रोप येते अशी त्यांची जाहिरात असते. कागदाला दाब आणि उष्णता हवी, बीला दोन्ही नको. त्यामुळे असा ताव हलकाच दाबतात, रुळांतून काढत नाहीत आणि बी मोड आणायच्या आत वाऱ्यावर भराभर वाळवतात. मेथी, मोहरी, झेंडू चालतात. सब्ज्याचे बी ओल्या लगद्यात फुगून बुळबुळीत होते आणि कापडाला चिकटून बसते. वर्षभर दुकानात पडलेल्या कार्डातून किती बी उगवेल, हा प्रश्न विकत घेणाऱ्याने जरूर विचारावा.

छपाईसाठी स्क्रीन प्रिंटिंग उत्तम. जाड शाई खाचखळग्यांत बसते आणि पाचपन्नास प्रतीही परवडतात. ठसे आणि जुनी खिळे-छपाईही शोभते. ऑफसेट यंत्रात सुटे तंतू ब्लँकेटला (शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी आवरणाला) चिकटतात आणि जाडी कमीजास्त असल्याने अक्षर तुटते. घरच्या इंकजेटवर शाई फुटण्याची भीती, लेझर प्रिंटरवर खळग्यांतली पूड पक्की बसत नाही. वारली चित्रे, पैठणीच्या काठाचे तुकडे, रांगोळीचे ठिपके हे मराठी कार्डांवरचे नेहमीचे नमुने. संक्रांतीच्या कार्डावर खरोखरचे तीळ चिकटवलेलेही पाहायला मिळतात. ते टपालात निम्मे गळून पोचतात.

घडीसाठी आधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी लागते, नाहीतर २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) पुढचा कागद कडेवर फुटतो. घडी घालताना ही दाबलेली खाच बाहेरच्या अंगाला राहिली पाहिजे. पावसाळ्यात खुले ठेवलेले ताव हवेतला ओलावा शोषून वाकतात. कार्डे त्यामुळे प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत विकली जातात आणि पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या वस्तूला तेच आवरण असते. यातून अजून सुटसुटीत वाट निघालेली नाही.

मोबाइलवरच्या शुभेच्छांनी छापील कार्डांचा खप ओसरला. हातकागदाच्या केंद्रांचे बरेच काम आता लग्नपत्रिका, फाइली, पिशव्या, डायऱ्या यांकडे वळले आहे. कार्डे टिकून आहेत ती प्रदर्शनांत, कंपन्यांच्या दिवाळी मागणीत आणि निर्यातीत. टपालाने पाठवायचे असेल तर वजनाचा विचार आधीच करतात. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. २५० जीएसएम कागदाचे ५ × ७ इंचांचे घडीचे कार्ड साधारण ११ ग्रॅम भरते, १०० जीएसएमच्या पाकिटाचे ५-६ ग्रॅम. एवढ्यात भागते. ३०० जीएसएमचा ताव घेतला, तर वजन २० ग्रॅमच्या अगदी जवळ जाते आणि अशा कार्डावर काही चिकटवले, की एक तिकीट जास्त लावावे लागते.