चिकासॉ वेशरचना

चिकासॉ या उत्तर अमेरिकेतील आदिवासी राष्ट्राची पारंपरिक वस्त्रे, मणीकाम आणि जुन्या काळातील तयार कपडे यांच्या मेळातून घडलेली समकालीन वस्त्रकला. चिकासॉंची मूळ भूमी आजच्या मिसिसिपी, अलाबामा आणि टेनेसी या राज्यांत होती. १८३२ चा पाँटोटॉक क्रीक करार आणि १८३७ चा डोक्सव्हिल करार यांनंतर त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे स्थलांतर करावे लागले. ‘चिकासॉ नेशन’ या त्यांच्या शासनसंस्थेचे मुख्यालय आज ओक्लाहोमातील एडा येथे आहे.

युरोपीय व्यापारापूर्वीचा वेश हरणाचे कमावलेले कातडे, तुतीच्या अंतर्सालीचे धागे, पिसे आणि शंखशिंपल्यांची कोरीव पदके यांचा होता. या लोकांमध्ये अनेक वर्षे राहिलेला व्यापारी जेम्स अडेर याने १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, टर्कीच्या मानेची व छातीची पिसे दुहेरी धाग्यात पिळून घट्ट बसवलेल्या पांघरुणांचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकात हरणांच्या कातड्यांच्या मोबदल्यात लोकरी कापड, काचमणी, चांदीचे दागिने आणि रेशमी फिती येऊ लागल्या, आणि एकोणिसाव्या शतकात स्त्रियांचा लांब, झालरींचा, फिती लावलेला सुती झगा रूढ झाला. त्याची बेतणी त्या काळच्या अमेरिकी पोशाखाशी उघडपणे नाते सांगते. म्हणजे आज जो वेश ‘पारंपरिक’ म्हणून समारंभात मिरवला जातो, तोच मुळात परक्या कापडाला आपले रूप देऊन झालेला आहे. त्यामुळे जुन्या जाकिटावर मणी चढवणाऱ्या आजच्या कलावंताने परंपरा मोडली, हा आक्षेप फारसा टिकत नाही. शेजारच्या चॉक्टॉ लोकांच्या झग्यावर शंकरपाळ्यांसारख्या आकारांची ओळ असते आणि ती डायमंडबॅक या, पाठीवर तशीच नक्षी असलेल्या विषारी सापाची खूण मानली जाते. एरवी दोन्ही वेश बाहेरच्या माणसाला सारखेच वाटतात.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील मणीकामाचा बहर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा आणि त्याच पद्धतीने अडकवायची पिशवी हे त्याचे ठळक नमुने होत. लाल वा गडद निळ्या लोकरी कापडावर वेटोळी, सूर्य आणि वेलींसारखे आकार भरून त्यांना पांढऱ्या मण्यांची कड दिली जाई. यासाठी दोन सुया लागतात: एका सुईने मणी ओवायचे आणि दुसरीने तो ओवलेला धागा दोन-तीन मण्यांच्या अंतराने कापडाला टाचत जायचे. मण्यांच्या मापात क्रमांक जितका मोठा तितका मणी बारीक. आज अकरा क्रमांकाचे मणी सर्रास वापरतात. जाळीदार विणीच्या गळपट्ट्यांना मात्र मागे कापड नसते, सगळा भार धाग्यावर असतो.

जुन्या कपड्यांशी हे काम जुळण्याचे कारण बरेचसे तांत्रिक आहे. डेनिमचे जाकीट किंवा जाड लोकरीचा कोट मण्यांचे वजन पेलतो; पातळ, ताणले जाणारे कापड ओघळते आणि टाके उसवतात. म्हणून नक्षी बहुधा वेगळ्या अस्तरावर भरून, कडा बांधून, मग पाठीवर किंवा गळ्याखालच्या पट्टीवर शिवतात. कपडा विरला तरी ती उतरवून दुसऱ्यावर लावता येते.

समकालीन चिकासॉ वस्त्रकलेतील सर्वांत महत्त्वाचे नाव मार्गारेट रोच व्हीलर (जन्म १९४३) यांचे होय. त्या मुळात विणकर. पूर्वजांच्या वेशाचा अभ्यास करून त्यांनी हातमागावर विणलेली अंगवस्त्रे आणि शिरोभूषणे घडवली. चिकासॉ संगीतकार जेरॉड टेट यांच्या ‘लोवाक शोप्पाला’ या २००९ च्या रंगमंचीय संगीतकृतीची वेशभूषा त्यांची होती. ‘माहोटा’ या आपल्या पूर्वज स्त्रीच्या नावाने त्यांनी केलेल्या २०१४ च्या संग्रहातील, घुबडाची कल्पना मांडणारे अंगवस्त्र रेशीम-लोकरीचे धागे, चांदी, काचमणी आणि मोरपिसे यांनी सिद्ध झाले आहे. मोर काही ओक्लाहोमाचा पक्षी नव्हे, पण मिळेल ते उत्तम साहित्य आपलेसे करण्याची रीत इथेही दिसते. ओक्लाहोमातील सल्फर या गावी माहोटा टेक्स्टाइल्स ही चिकासॉ नेशनच्या मालकीची विणकाम संस्था पुढे उभी राहिली. २०१० साली सुरू झालेले चिकासॉ सांस्कृतिक केंद्रही याच गावात आहे.

अशा वस्तूंच्या विक्रीला १९९० चा अमेरिकी ‘इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ कायदा लागू होतो. मान्यताप्राप्त आदिवासी राष्ट्राचा सदस्य किंवा त्याने प्रमाणित केलेला कारागीर नसलेल्या व्यक्तीचे काम आदिवासी हस्तकला म्हणून विकणे त्यानुसार गुन्हा ठरते.