अमेरिकी पोलिसांची सोशल सिक्युरिटी : एका जुन्या गैरसमजाचा खुलासा
अमेरिकेत पोलिसाची नोकरी केली की सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या करावर चालणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा, हक्क पूर्णपणे बुडतो, हा समज चुकीचा आहे. ज्या पोलीस खात्यांत पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला जात नसे, तेथील निवृत्तांना अन्य नोकरीतून मिळालेला सोशल सिक्युरिटीचा लाभ १९८३ च्या तरतुदीमुळे घटत असे. मात्र ती कपात खात्याच्या पेन्शनच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नव्हती. शून्यावर येऊ शकत असे तो जोडीदाराच्या नोकरीच्या आधारे मिळणारा लाभ, कारण दुसऱ्या एका तरतुदीनुसार त्यातून पेन्शनचा दोन तृतीयांश भाग वजा होई. गैरसमजाचे मूळ बहुधा येथेच असावे. ५ जानेवारी २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने दोन्ही तरतुदी जानेवारी २०२४ पासूनच्या लाभांसाठी रद्द केल्या. ज्यांच्या पगारातून हा कर नोकरीभर कापला गेला, त्यांच्या रकमेत त्यामुळे काहीही फरक पडलेला नाही.