सोर्स कंट्रोल (लहान टीमसाठी निवड)

प्रोग्रामच्या फायलींत कोणी, कधी, काय व का बदलले याची नोंद ठेवणारी आणि हवी ती जुनी आवृत्ती परत काढून देणारी व्यवस्था. व्हर्जन कंट्रोल असेही म्हणतात. ही नसली की शेअर्ड फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशी पिलावळ वाढते.

बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही अशी व्यवस्था लिहिली. पुढे आरसीएस, सीव्हीएस आल्या. सबव्हर्जनची १.० आवृत्ती २००४ ची. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मंडळींना मिळणारी बिटकीपर या अशाच विकतच्या साधनाची फुकट सवलत बंद झाल्यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. मर्क्युरियलही त्याच महिन्यातले.

पणजी-पर्वरीकडे हॉटेल बुकिंग किंवा बिलिंगचे काम करणाऱ्या चार-पाच जणांच्या टीमला आज साधन निवडायला फार डोके लावावे लागत नाही. गिटच घ्यावे. फर्मागुढीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगाही ते हाताळून आलेला असण्याची शक्यता जास्त, तर मर्क्युरियलला बिटबकेट या कोड ठेवायच्या साइटनेसुद्धा २०२० मध्ये निरोप दिला. शिवाय गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळा इतिहास असतो. जुलैच्या पावसात नेट गेले तरी कमिट (बदलाची नोंद करणे) थांबत नाही, पुश (ती सर्व्हरवर पाठवणे) मागाहून. सबव्हर्जनमध्ये कमिट थेट सर्व्हरवर जाते, म्हणजे नेट येईपर्यंत चहा. तरी सबव्हर्जन टाकाऊ नाही. मोठ्या फोटोशॉप फायली किंवा व्हिडिओ मर्ज होत नाहीत, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करता येत नाहीत, तिथे सबव्हर्जनमध्ये फाइलला कुलूप लावून काम करणेच शहाणपणाचे.

खरी निवड रिपॉझिटरी (फायली आणि त्यांचा इतिहास यांचा साठा) कुठे ठेवायची याची. गिटहब या साइटवर एप्रिल २०२० पासून खासगी रिपॉझिटरी कितीही सदस्यांसह फुकट ठेवता येते. मात्र १०० एमबीहून मोठी फाइल साध्या पुशने जात नाही. गिटलॅब हे तसेच साधन स्वतःच्या मशीनवर बसवता येते. पण मग बॅकअप, अपडेट, यूपीएस हे सगळे आपल्या गळ्यात, आणि चार जणांच्या ऑफिसात ते बघायला पाचवा नसतो.

कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांच्या बदलांची टक्कर, सगळ्यांच्या वाट्याला येतो. डिसेंबरचा खोलीभाडे दर एकाने ४५०० केला, दुसऱ्याने त्याच ओळीवर ५२००. गिट दोन्ही ओळी फाइलमध्ये ठेवते, वर-खाली खुणा करते आणि गप्प बसते. कोणता दर खरा हे हॉटेलवाल्याला फोन करूनच कळते. म्हणून ब्रांच (कामापुरती काढलेली वेगळी शाखा) दोन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नये आणि मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, घालण्याआधी दुसऱ्याने बदल वाचावा. एवढे दोन नियम पाळले तरी पुष्कळ. डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला तर नुसती ओळ पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतोच. आधी पासवर्ड बदलावा.

मराठी-कोंकणीत काम करणाऱ्यांची एक वेगळी अडचण. ‘दरपत्रक’ नावाची फाइल गिट स्टेटसमध्ये (बदललेल्या फायलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) \३४०\२४४\२४६ अशा आकड्यांनी सुरू झालेली दिसते आणि नवखा माणूस फाइल बिघडली समजून घाबरतो. फाइल ठणठणीत असते. कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केले की नाव देवनागरीत दिसू लागते.