लांबलचक इंग्लिश शब्दात जोर नेमका कुठे द्यायचा?

आमच्या स्पोकन इंग्लिशच्या बॅचला येणाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं, की स्पेलिंग येतं, अर्थ माहितीये, पण कॉलवर डेव्हलपमेंट किंवा सर्टिफिकेट म्हटलं की समोरचा 'सॉरी?' करतो. बहुतेक वेळा घोळ जोराचा असतो. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने बोलतो, इंग्लिशमधे मात्र एका सिलॅबलवर (म्हणजे शब्दाचा एका झटक्यात बोलला जाणारा तुकडा) जोर आणि बाकीचे अर्धवट गिळायचे असा कारभार आहे. म्हणून इंग्लिशवाले म्हणतात डि-'व्हे-लप-मंट आणि सर्-'टि-फि-कट (' या रेघेपुढचा तुकडा जोराचा), आपण दोन्हीकडे पहिल्यावरच आपटतो.

सिलॅबल मोजताना स्पेलिंगकडे बघू नका, स्वर किती ऐकू येतात ते मोजा. कम्फर्टेबल लिहिताना चार वाटतात, पण बहुतेक जण बोलतात तीनच, कम्फ-ट-बल, व्हेजिटेबलचं पण सेम. आणि डिक्शनरीत शब्दाच्या मधे टिंबं असतात ना, ती बऱ्याचदा ओळ संपली तर शब्द कुठे तोडायचा त्यासाठी असतात, तिथे फसू नका. उच्चार दिलेला असतो तिथे वरच्या बाजूला बारीक उभी रेघ शोधा, तिच्या लगेच पुढचा सिलॅबल जोराचा (इथे आम्ही तसंच दाखवलंय).

खरी गंमत शब्दाच्या शेपटीत आहे. शेवटी शन, इक, इटी आलं की जोर त्याच्या लगेच आधी, म्हणजे इन्-फ-'मे-शन, ई-क-'नॉ-मिक, यु-नि-'व्हर्-सि-टी. पॉलिटिक्स आणि अरेबिक हा नियम जुमानत नाहीत, त्यांचा जोर पहिल्यावर, ते सरळ पाठ करा. इंजिनीअरमधे शेपटीच जोर घेते, एन्-जि-'निअर.

शेपटी बदलली की जोर कसा पळतो ते बघा: 'फो-ट-ग्राफ, मग फ-'टॉ-ग्र-फी, मग फो-ट-'ग्रॅ-फिक. एकच घराणं पण फोटोग्राफीत पहिला 'फो' पार 'फ' होऊन जातो, आणि तो 'फो' तसाच ठेवून नुसता 'टॉ' दाबला तर ऐकायला विचित्रच वाटतं. रेकॉर्डचं वेगळंच, वस्तू असेल तर 'रे-कॉर्ड, क्रिया असेल तर रि-'कॉर्ड.

अजून एक, जोर म्हणजे ओरडणं नाही हो, तो सिलॅबल थोडा लांबवायचा आणि आवाज जरासा वर न्यायचा, बास. आमच्या बॅचच्या डेमो तासाला येताना आपल्या कामात रोज लागणारे पाच-सहा लांब शब्द लिहून आणा, बँकवाल्यांचे वेगळे, नर्सिंगवाल्यांचे वेगळे, आपण तेच फोडायला घेऊ, डेमोची फी नाही.