सोडतानाची भीती खरी आहे, तिच्यावर औषधही आहे

माळ घालून दारू सोडणारी माणसं सातारा-सांगलीकडे गावोगाव भेटतात. काहींची सुटतेही. पण वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली, की कधीकधी तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागतात, तो पांघरूण चाचपत राहतो, बायकोला ओळखत नाही. कुणी म्हणतं, बाहेरचं झालं. कुणी म्हणतं, द्या जरा, नाहीतर जाईल. घोट पोटात गेला की तो शांत होतो आणि ‘मला सोडणं झेपत नाही’ हे मनात पक्कं बसतं. २०१९च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले होते. त्यामागे ही धास्तीही आहे.

दारू मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाला बळ देते, चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबते. रोजच पडू लागली की मेंदू उलट बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोर सोडावा, तसं दारू थांबताच होतं. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरचा भ्रम उपचारांविना जीवावर बेतू शकतो.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच दिवस निभावून जातात. हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, यांनी बहुतेकांचा त्रास आठवडाभरात उतरतो. प्रत्येकाला दाखल व्हावं लागत नाही. पूर्वी फिट किंवा भ्रम झालेल्याने मात्र व्हावंच. पुढे ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आणि समुपदेशन असतं.

चहातून नकळत द्यायची पावडर कृपा करून आणू नका. तिच्यात डायसल्फिराम हे दारूशी न जुळणारं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय माणसाचा विश्वास उडतो तो वेगळाच.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्याच्या संस्थापकांपैकी होते ते ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे. सोडायचीच असं ठरलं नसलं तरी नुसतं विचारायला जाता येतं. किती घेता, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, एवढं खरंखरं सांगा. आणि रोज घेत असाल तर डॉक्टरांना भेटेपर्यंत स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.