शिलेदार, गारदी आणि ‘कंपनी’चा पहारा

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना एका निवृत्त हवालदारांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. “सर, यात नेमकं काय लिहिलंय तेवढं सांगा.” इराकमधल्या तेलक्षेत्रावर पहाऱ्यासाठी माजी सैनिक हवेत, राहणं-खाणं कंपनीचं. सोबत अकरा पानांचा इंग्रजी करार. सतरा वर्षं पलटणीत काढून हे गृहस्थ अडतिसाव्या वर्षी पेन्शनीवर आलेले. थोरली बारावीला, घराचं कर्ज निम्मं बाकी. पगाराचा आकडा पहिल्याच पानावर ठळक होता. नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं, की इजा झाली किंवा जीव गेला तर भरपाई ‘कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार’, आणि वाद झालाच तर तो तिसऱ्याच देशातल्या लवादापुढं.

‘कंपनी’ हा शब्द साताऱ्याला नवा नाही. 10 फेब्रुवारी 1818 रोजी अजिंक्यतारा घेतला तो कंपनीच्याच फौजेनं, आणि 1848 मध्ये छत्रपतींची गादी खालसा करून पुढं दहा वर्षं इथला कारभार हाकला तोही कंपनीनंच. जुन्या कागदांत ‘कंपनी सरकार’ असाच उल्लेख येतो. लंडनच्या भागधारकांना नफा वाटायचा, शेतसारा गोळा करायचा आणि दोन-अडीच लाखांची फौजही पाळायची, असा तो सगळा व्यवहार.

त्याआधीही पैसे मोजून शिपाई ठेवणं इथं होतंच. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदाराचा घोडा पडला की त्याचं भांडवलच बुडालं, म्हणून ऐन धुमाळीत तो घोडा जपायचा. शिवाजी महाराजांचा ओढा पागेकडं आणि रोख पगाराकडं होता तो उगाच नव्हे. पेशवाईत गारदी आले. 30 ऑगस्ट 1773 ला ते थकलेल्या पगाराची ओरड करत शनिवारवाड्यात घुसले आणि नारायणराव मारले गेले. ‘ध चा मा’ सगळ्यांना पाठ आहे. थकलेला पगार मात्र कुणी आठवत नाही.

आजच्या खासगी लष्करी कंपन्यांची सुरुवात बहुतेक अभ्यासक दक्षिण आफ्रिकेपासून धरतात. तिथल्या लष्करातून बाहेर पडलेल्या ईबेन बार्लो यांनी 1989 मध्ये ‘एक्झिक्युटिव्ह आउटकम्स’ काढली. शीतयुद्ध संपत होतं, लष्करं आकसत होती, लढाईत मुरलेली माणसं रिकामी होती. दुसरीकडं अंगोला, सिएरा लिओनसारख्या देशांत सरकारला स्वतःचा मुलूख राखता येत नव्हता. 1995 मध्ये या कंपनीच्या मोजक्या माणसांनी सिएरा लिओनच्या बंडखोरांना राजधानी फ्रीटाउनपासून मागं रेटलं आणि कोनोच्या हिऱ्यांच्या खाणी परत मिळवल्या. खजिना रिकामा असल्यानं हिऱ्यांचे हक्क याच वर्तुळातल्या दुसऱ्या कंपनीकडं गेले. जानेवारी 1997 मध्ये माणसं परतली आणि मे महिन्यात तिथं लष्करी उठाव झाला. भाड्यानं आणलेली ताकद कंत्राट संपलं की निघून जाते, मागं सैन्य उभं राहिलेलं नसतं.

इराकनं हा धंदा जगभर पोचवला. जून 2004 मध्ये सत्ता सोडताना अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनानं सतराव्या क्रमांकाच्या आदेशानं परदेशी कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून अभय दिलं. 16 सप्टेंबर 2007 ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी पहारा-कंपनीच्या गोळीबारात 17 इराकी मेले. तिच्या चौघा पहारेकऱ्यांवर गुन्हा सिद्ध झाला तो 2014 मध्ये, अमेरिकेत. आणि डिसेंबर 2020 मध्ये चौघांनाही अध्यक्षीय माफी मिळाली. आपल्याच राजधानीतल्या चौकातल्या खुनाचा खटला इराकला चालवता आला नाही. अफगाणिस्तानात अध्यक्ष करझाईंनी ऑगस्ट 2010 मध्ये चार महिन्यांत या कंपन्या बंद करण्याचं फर्मान काढलं, पण दूतावास आणि मदतसंस्थांना दुसरा भरवशाचा पहारा नव्हता, त्यामुळं मुदती वाढत राहिल्या. वॅग्नर या रशियन खासगी फौजेचं तर सगळ्यांसमोरच घडलं: मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, माली, खाणींचे हक्क, आणि जून 2023 मध्ये तोंड वळवून थेट मॉस्कोच्या दिशेनं कूच. गारद्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

कायदा? 1977 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनं भाडोत्री सैनिकाची व्याख्या केली, पण तिच्या सहाच्या सहा अटी एकाच माणसाला लागू व्हाव्या लागतात. त्यात सापडायला माणूस नशिबाचाच कच्चा हवा. अशा कंपन्यांसाठीचा 2008 चा माँट्रो दस्तऐवज चांगला आहे, बंधनकारक नाही.

मरणारे बहुधा आपल्याकडचे, आशियातले असतात. 20 जून 2016 ला काबूलमध्ये कॅनडाच्या दूतावासाचे पहारेकरी साध्या, चिलखत नसलेल्या मिनीबसमधून कामावर निघाले होते. आत्मघाती स्फोटात 14 गेले. बहुतेक नेपाळी, दोघे डेहराडूनचे. त्याआधी 2004 मध्ये भारतीय ट्रकचालकांच्या अपहरणानंतर आपल्या सरकारनं इराकला कामासाठी जाण्यावर बंदी घातली होती, तरी आखातातल्या इतर देशांमार्गे माणसं जातच राहिली. समुद्रावरही तेच. ऑक्टोबर 2013 मध्ये तुतिकोरिनजवळ ‘सीमन गार्ड ओहायो’ हे चाच्यांविरुद्ध पहारा पुरवणारं जहाज पकडलं. त्यावरच्या 35 जणांत भारतीयही होते. जानेवारी 2016 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, नोव्हेंबर 2017 मध्ये निर्दोष सुटका. मधली चार वर्षं गेली ती गेलीच.

साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंग्यातले 46 जण पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. त्यांचं स्मारक गावात उभं आहे. इराक-अफगाणिस्तानातले कंत्राटी पहारेकरी अमेरिकी सैन्याच्या मृतांच्या यादीतही येत नाहीत.

हवालदारांनी नववं पान बोटांनी मोठं करून पाहिलं. मग विचारलं, “पलटणीत बायकोचं नाव रेकॉर्डला पार्ट टू ऑर्डरनं चढतं. इथं कुठं चढवायचं?” अकराही पानं परत चाळली. तसा रकाना नव्हता.